नितळ पाणी, निर्मळ पाणी

छत्तीसगडात गावाचे वैभव पूर्वी तलावांवरून मोजीत. एखाद्या गावी ‘छै आगर छै कोरी’ तलाव आहेत असे म्हटले, की ते गाव थोर ठरे. आपल्याकडील कोडी तीच त्यांची कोरी, म्हणजे वीस. सहा कोड्या आणि वर सहा मिळून १२६ तलाव झाले. प्रत्येक ठिकाणी ही संख्या मोजून भरत असेल असे नाही, परंतु तलाव हा त्या लोकांच्या अभिमानाचा विषय होता एवढे त्यावरून कळते. या तलावांत माणसे नाहत, म्हशी डुंबत, कपडे धुतले जात, आणि तरीही ते पाणी वर्षानुवर्षे नांदत राही. ते शास्त्राच्या कसोटीस उतरले असते असे नव्हे, पण ते कुजत नसे. कारण तलाव हा नुसता पाण्याचा साठा नसून एक भरलेला संसार असतो. शेवाळ वाढले की ते खाणारे जीव वाढतात, त्या जीवांवर मासे जगतात, तळच्या गाळातील सूक्ष्म जंतू मेलेल्या सगळ्याची माती करतात, आणि पावसाळ्यात नवे पाणी येऊन जुने सांडव्यावरून निघून जाते.

याच मुलखात, दुर्ग शहराला लागून, भिलाई वसली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भोसल्यांच्या राज्यापासून या प्रदेशात मराठी कुटुंबे आहेतच. कारखान्याने त्यांत आणखी भर घातली. कारखान्याच्या वसाहतीत घरे कारखान्याची, तेव्हा तेथे अंगणात हौद खणण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे मात्र वसाहतीबाहेर स्वतःच्या मालकीची घरे उभी राहिली, निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती चार पैसे आले, नातवंडे सुट्टीत येऊ लागली, आणि ज्याला ऐपत आहे अशा एखाद्याच्या मनात घरच्या तरणतलावाची हौस उत्पन्न झाली. मे महिन्यात जेथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेथे ही हौस वावगी म्हणता येणार नाही.

अशा एका नव्या मालकाची कल्पना करावी. त्याचा तलाव आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, आणि खोली सरासरी दीड मीटर. म्हणजे ४८ घनमीटर, ४८ हजार लिटर पाणी. बांधणाऱ्याने किल्ली हाती दिली, फरशी निळी, पाणी निळे, आणि तळाची प्रत्येक रेघ स्पष्ट दिसते आहे. या मालकाची समजूत अशी, की तलाव एकदा भरला म्हणजे भरला. पाने पडली तर काढावी, गढूळ दिसले तर पाहता येईल. ही समजूत त्याने खेड्यातील तलावावरून घेतलेली असते, आणि तेथेच तो फसतो. त्याच्या या चौकोनी हौदात मासे नाहीत, गाळ नाही, सांडवा नाही. खेड्यातील तलावात जी कामे शेकडो जातींचे जीव करीत असतात ती सगळी येथे एकट्या मालकाच्या अंगावर पडलेली आहेत, आणि त्याला कोणी ते सांगितलेले नसते. पाचव्या-सहाव्या दिवशी पायऱ्यांचा कोपरा बोटाला किंचित बुळबुळीत लागतो. पाणी अद्याप आरशासारखे असते. त्यानंतर एका सकाळी ते हिरवे झालेले असते, आणि मालक म्हणतो की एका रात्रीत असे कसे झाले. ते एका रात्रीत झालेले नसते. डोळ्यांना ते दिसले एका रात्रीत, इतकेच.

तरणतलाव राखण्याची विद्या शिकावयाची म्हणजे प्रथम हेच शिकावयाचे, की पाण्याविषयी डोळा फार उशिरा साक्ष देतो. नितळ पाणी निराळे आणि निर्मळ पाणी निराळे. आपल्या स्वयंपाकघरांना हा भेद अगदीच अपरिचित होता असे नाही. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून घालीत किंवा तुरटी फिरवीत, गाळ खाली बसे, आणि तरीही घरात कोणी आजारी असले तर तेच पाणी पुन्हा उकळीत. तुरटीने पाणी नितळ होते. गाळाबरोबर काही जंतूही खाली बसतात, पण राहतात त्यांना ती मारीत नाही. जंतू मारावयाचे तर दुसरे काही हवे, आणि ते दुसरे म्हणजे बहुतेक ठिकाणी आजही क्लोरीन.

क्लोरीन हा वायू स्वीडनमधील शेले या रसायनज्ञाने १७७४ साली प्रथम तयार केला. चुन्यावर तो शोषवून विरंजक चूर्ण, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, करण्याची युक्ती १७९९ साली निघाली, ती कापड पांढरे करण्यासाठी. पुढे १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टराने प्रसूतीगृहात जाणाऱ्या वैद्यांना अशा चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू एकदम घटले. जंतू म्हणजे काय हे तेव्हा कोणाला नीट ठाऊक नव्हते. शहराच्या पाणीपुरवठ्यात क्लोरीन नित्य घालण्याची प्रथा अमेरिकेत जर्सी सिटी येथे १९०८ साली सुरू झाली, आणि तीच रीत थोड्याच काळात तरणतलावांनी उचलली.

परंतु क्लोरीन हा मंत्र नव्हे. तो वेळ घेतो, आणि प्रत्येक जंतूसाठी निराळा वेळ घेतो. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असेल, तर अतिसार करणाऱ्या घातक जातीचे ई. कोलाय जंतू एका मिनिटाच्या आत मरतात. काविळीच्या एका प्रकाराचा विषाणू सुमारे १६ मिनिटे टिकतो आणि जिआर्डिया नावाचा आतड्यातील परजीवी पाऊण तास. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा दुसरा एक परजीवी मात्र त्याच पाण्यात दहा दिवसांहून अधिक जिवंत राहतो. या एका आकड्यातून घरचा एक नियम निघतो. ज्या मुलाला जुलाब होत असतील त्याला, मग ते कितीही रडो, पाण्यात उतरू द्यावयाचे नाही, आणि क्रिप्टोस्पोरिडियमची बाधा ठरली असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबावयाचे. उलट, मुळीच क्लोरीन नसलेले कोमट पाणी काय करू शकते याची उदाहरणे केरळात २०२४ साली घडली. साचलेल्या कोमट पाण्यात वाढणारा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून तेथे काही मुले दगावली. हा रोग विरळा आहे, पण झाला तर बहुधा जीव घेतो. भिलाईच्या उन्हाळ्यात अंगणातल्या हौदाचे पाणी सहज कोमट होते, हे त्या मालकाने विसरता कामा नये. पाण्यात क्लोरीन सतत असेल तर या अमीबाचे तेथे फारसे चालत नाही. ‘सतत’ या शब्दावर सगळा भर आहे.

४८ हजार लिटरांत लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन वाढवावयाचा तर ४८ ग्रॅम क्लोरीन लागेल. बाजारात मिळणाऱ्या ६५ टक्के बळाच्या चूर्णाचे ते सुमारे ७४ ग्रॅम होतात, आणि साध्या ब्लीचिंग पावडरीचे, तिच्यात ३३ टक्के बळ धरले तर, सुमारे १४५ ग्रॅम. म्हणजे मूठभराचाच प्रश्न. नवा मालक तराजू न घेता ही मूठ टाकतो. पण ब्लीचिंग पावडरीचे पोते दमट हवेत चार महिने पडून राहिले की तिचे बळ निम्म्यावरही येऊ शकते, आणि मूठ तीच राहते. म्हणून टाकले किती यापेक्षा पाण्यात उरले किती हे मोजावयाचे. अंगणातल्या तलावात हा आकडा लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवतात.

मोजण्याची साधने सोपी आहेत, मात्र त्यांचा स्वभाव ओळखावा लागतो. एका जुन्या द्रावाने पाणी पिवळे होते. हा पिवळा रंग मोकळा आणि कामातून गेलेला असा सगळाच क्लोरीन एकत्र दाखवितो, त्यामुळे तो मालकाला खोटे समाधान देतो. दुसऱ्या गोळीने पाणी गुलाबी होते, आणि ती मोकळा क्लोरीन निराळा सांगते. हीच घ्यावी. तिचीही एक खोड आहे. क्लोरीन फारच जास्त झाला असेल तर तो तो गुलाबी रंगच उडवून टाकतो, नळी पांढरी दिसते, आणि मालक क्लोरीन शून्य आहे असे समजून आणखी ओततो. क्षणभर गुलाबी होऊन रंग गेला तर नमुन्यात साधे पाणी मिसळून पुन्हा पाहावे.

आता सामूची गोष्ट. शेतकऱ्याला सामू नवा नाही, जमिनीच्या परीक्षणाच्या कागदावर तो असतो. पदार्थ आम्ल आहे की अल्कधर्मी हे सांगणारे हे माप कोपनहेगनच्या सोरेनसन या शास्त्रज्ञाने १९०९ साली काढले. सात म्हणजे मध्य, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. तरणतलावाच्या पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पुष्कळांना वाटते की हा नियम डोळे चुरचुरू नयेत म्हणून असावा. तेही खरे, पण मुख्य कारण निराळे आहे. पाण्यात गेलेला क्लोरीन दोन रूपांत राहतो. त्यांतील हायपोक्लोरस आम्ल हे रूप जंतूंना झपाट्याने मारते, दुसरे रूप आळशी असते. सामू ७.५ असताना दोन्ही निम्मे-निम्मे असतात. सामू ८ वर गेला की कामाचे रूप चतुर्थांशाहून कमी राहते. म्हणजे नळीतला गुलाबी रंग तोच, आकडा तोच, आणि पाण्याचे संरक्षण मात्र निम्म्याने घटलेले. नव्या तलावात हे हमखास घडते, कारण ताजे सिमेंट कित्येक महिने पाण्यात चुना सोडीत राहते आणि सामू वर चढत राहतो. जुन्या तलावाच्या मालकाचा सल्ला घेऊन नवा मालक या काळात हटकून चुकतो. त्याला थोडे थोडे आम्ल वरचेवर घालावे लागते, जुन्याला तसे लागत नाही.

वासाविषयीही एक गैरसमज आहे, आणि तो चांगल्या शिकलेल्या लोकांत आढळतो. तलावाजवळ गेल्याबरोबर झोंबरा वास आला, डोळे लाल झाले, की ‘क्लोरीन जास्त झाला’ असे म्हणतात. बहुधा उलटे असते. घाम, लघवी, अंगाचे तेल यांतील नत्राशी क्लोरीन जोडला जाऊन जी संयुगे होतात त्यांचा तो वास. तो वास म्हणजे क्लोरीन खर्च होऊन गेल्याची खूण. यावर उपाय क्लोरीन कमी करणे हा नसून एकदा भरपूर वाढविणे हा आहे, जोडल्या गेलेल्या क्लोरीनच्या सुमारे दहापट, तोही सूर्यास्तानंतर, आणि आकडा पुन्हा मूळ पदावर येईपर्यंत कोणी पाण्यात उतरावयाचे नाही. त्याहून सोपा उपाय आपल्या घरांत पूर्वीपासून आहे. हौदात उतरण्यापूर्वी साबण लावून अंघोळ करावी. पाहुण्यांना हे सांगताना यजमानाला संकोच वाटतो, पण न सांगितल्यास पुढचे आठ दिवस तो पाण्याशी झगडत बसतो.

सूर्यास्तानंतर असे म्हटले, त्याचे कारण ऊन. उघड्या तलावातील मोकळा क्लोरीन कडक उन्हात दोन तासांत बहुतेक नाहीसा होतो. म्हणून सायन्युरिक आम्ल नावाचे द्रव्य पाण्यात घालतात. ते क्लोरीनला उन्हापासून सांभाळते, लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅम पुरते. पण छत्री फार मोठी झाली तर तिच्याखालच्याला काही दिसत नाही, तसे या द्रव्याचे होते. ते जास्त झाले की क्लोरीनला इतके धरून ठेवते की तो जंतूंवर धावून जाईनासा होतो. ते उडून जात नाही, आटत नाही. आणि बाजारात ज्या सोयीच्या क्लोरीनच्या गोळ्या मिळतात त्यांच्यातील एका प्रकारात ते द्रव्य आधीच असते. दोन उन्हाळे केवळ या गोळ्यांवर काढलेल्या मालकाला एके दिवशी कळत नाही की क्लोरीन भरपूर दिसत असूनही शेवाळ का येते. थोडे पाणी काढून नवे भरणे एवढाच त्यावर मार्ग.

नवे पाणी म्हटले की भिलाईचा भूगोल आड येतो. कारखान्याचे पाणी बालोदजवळच्या तांदुला जलाशयावरून आणि पुढे महानदीवरील रविशंकर सागरातून मरोदाच्या तलावांत येते. ते नदीचे, तुलनेने सौम्य पाणी. परंतु खाजगी घराचा मालक बहुधा कूपनलिकेवर अवलंबून असतो, आणि दुर्गच्या आसपास भूमीखाली चुनखडक पसरलेला आहे. पोलाद कारखान्याला लागणारा चुनखडक जवळच्याच नंदिनीच्या खाणींतून आला, जामुलला सिमेंटचा कारखाना निघाला, तो याच खडकाच्या बळावर. त्या खडकातून मुरून आलेले पाणी जड असते. त्यात साबणाला फेस कमी येतो आणि किटलीच्या बुडाशी पांढरा थर बसतो. तोच थर हौदाच्या फरशीवर पाण्याच्या रेघेशी कड्यासारखा बसतो आणि नळांतही चढतो. त्यात उन्हाळ्याची भर पडते. रोज एक सेंटिमीटर पाणी आटले असे धरले तर ३२ चौरस मीटरांतून ३२० लिटर जातात, आणि मार्च ते मे या तीन महिन्यांत २९ हजार लिटरांच्या वर. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, चुना मागेच राहतो. मालक जड पाण्याने ती भरपाई करीत राहिला तर जूनमध्ये त्याच्या हौदातील क्षार मार्चपेक्षा दीडपटीहून अधिक झालेले असतात. यासाठी पावसाच्या आधी थोडे जुने पाणी बाहेर काढून छपरावरचे पागोळ्यांचे पाणी, पहिले दोन पाऊस वाहून गेल्यावर, गाळून आत घ्यावे. पावसाचे पाणी मृदू असते. या एका गोष्टीत निसर्ग मालकाला फुकट मदत करतो.

पाणी आटते आहे की झिरपते आहे, हा संशयही नव्या मालकाला पहिल्या उन्हाळ्यात छळतो. त्यासाठी मिस्त्रीला बोलावण्याची घाई नको. एक बादली हौदाच्याच पाण्याने भरून पायरीवर अशी ठेवावी की तिच्यातील पाणी आणि बाहेरील पाणी जवळजवळ समपातळीत राहील. दोन्ही ठिकाणी खूण करावी, पंप बंद ठेवावा आणि चोवीस तासांनी पाहावे. दोन्हीकडचे पाणी सारखेच उतरले तर दोष सूर्याचा. हौदाचे अधिक उतरले तर मिस्त्रीचा.

वाहत्या पाण्याला आपल्याकडे शुद्ध मानतात. कात्रजचे पाणी इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी पुण्यात आणले तेव्हा ते वाटेत गाळ बसवीत, हौदाहौदांतून पुढे सरकत राहील अशी योजना होती. घरच्या तलावात पंप आणि वाळूची गाळणी मिळून असाच एक वर्तुळाकार ओढा तयार करतात. ४८ घनमीटर पाणी आठ तासांत एकदा गाळणीतून जावयाचे तर ताशी सहा घनमीटर ओढणारा पंप हवा, आणि उन्हाळ्यात आठ तासांहून कमी चालवून भागत नाही. विजेचे बिल पाहून मालक तो चार तासांवर आणतो आणि वाचविलेले पैसे औषधांत घालवितो. गाळणीवर दाब दाखविणारे घड्याळ असते. गाळणी स्वच्छ असतानाचा आकडा लिहून ठेवावा आणि त्यावर सुमारे अर्धा किलोग्रॅम दाब वाढला म्हणजे उलट्या प्रवाहाने वाळू धुवावी. रोज धुवू नये. थोडी मळलेली वाळू नव्या धुतलेल्या वाळूपेक्षा बारीक कण चांगले अडविते, ही गोष्ट स्वच्छतेची फार आवड असलेल्या माणसाला पटविणे जरा कठीण जाते.

पहिला पाऊस मात्र परीक्षा घेतो. वादळाबरोबर धूळ, परागकण, पाला आत येतो, शेवाळाला खत मिळते, आणि पावसाच्या पाण्याने क्लोरीन पातळ होतो. अशा वेळी पाणी हिरवे पडले, की वैतागलेला मालक म्हणतो, हौद रिकामा करून टाकू, दसऱ्यानंतर पाहू. ही चूक सर्वांत महाग पडते. छत्तीसगडी शेतकरी जिला कन्हार म्हणतो ती काळी चिकण जमीन पावसात फुगते आणि तिच्यातील पाण्याची पातळी वर येते. भरलेल्या हौदाचे वजन त्या दाबाला तोलून धरते. रिकामा हौद म्हणजे सिमेंटची नावच. भूजल तिला खालून उचलते, भिंतींना तडे जातात, फरशी फुगते, नळ तुटतात. म्हणून भर पावसाळ्यात हौद कधीही पूर्ण रिकामा करावयाचा नाही. काढावयाचे ते थोडे थोडे, आणि तळाशी दाब सोडणारी झडप आहे की नाही हे बांधतानाच विचारून ठेवावयाचे.

बरे, भरलेला ठेवून नुसता सोडून दिला तर? २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली आणि तीत अनेक माणसे दगावली, त्यांत मुलेही होती. डेंग्यूचा डास घाणेरड्या गटारापेक्षा घराभोवतीचे साचलेले स्वच्छ पाणी पसंत करतो, आणि अंड्यापासून उडता डास होण्यास त्याला आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या रेघेच्या किंचित वर भिंतीला चिकटलेली असतात, पाणी उतरले तरी कित्येक महिने कोरडी जिवंत राहतात आणि पाणी पुन्हा चढले की फुटतात. चालत्या, क्लोरीन असलेल्या हौदात त्याला थारा नसतो. थारा मिळतो तो पंप बंद पडलेल्या हौदात, आणि पुष्कळदा हौदावर अंथरलेल्या ताडपत्रीच्या खळग्यात. मालक ताडपत्री टाकून निश्चिंत होतो आणि तिच्यावर साचलेल्या दोन बादल्या पाण्यात शेजाऱ्यांच्या मुलांचा ताप वाढत असतो. ज्याला हौद खरोखरीच काही महिने चालविणे शक्य नाही, त्याने क्लोरीन बंद करून, आधीचा पूर्ण उतरू देऊन, त्यात गप्पी मासे सोडावेत. ते डासांच्या अळ्या खातात. मग तो हौद पोहण्याचा राहिला नाही, तळे झाला, आणि तो अर्धा हौद अर्धे तळे असा कधीच ठेवता येत नाही. क्लोरीन आणि मासे एकत्र नांदत नाहीत.

औषधांच्या खोलीविषयी थोडक्यात पण स्पष्ट सांगितले पाहिजे. सामू उतरविण्याचे आम्ल आणि क्लोरीनचे चूर्ण एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी इप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने जो सोडला तोच हा वायू, आणि बंद खोलीत त्याला फार मोठा साठा लागत नाही. म्हणून या दोन वस्तू दोन निराळ्या जागी ठेवाव्यात. चूर्ण आणि क्लोरीनच्या गोळ्या हेही एका भांड्यात, एकाच चमच्याने हाताळू नयेत, कारण भिन्न जातींचे क्लोरीन एकत्र येऊन पेट घेतात. चूर्ण बादलीतल्या पाण्यात टाकावे, चुर्णावर पाणी ओतू नये. आम्लाचेही तेच. घरी काम करणाऱ्या बाईला किंवा माळ्याला हे नुसते सांगून भागत नाही. डब्यांवर मोठ्या अक्षरांत, त्यांना वाचता येईल अशा लिपीत आणि भाषेत, लिहून ठेवावे. भिलाईत ती बहुधा हिंदी असेल.

आणि डोळ्याची साक्ष जेथे खरोखर घ्यावयाची असते ती एक जागा म्हणजे तळाची जाळी. काठावर उभे राहून खोल बाजूच्या तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी कोणीही पाण्यात उतरावयाचे नाही, मग क्लोरीनचा आकडा काहीही असो. बुडालेले मूल गढूळ पाण्यात दिसत नाही. ती जाळी तुटलेली किंवा निसटलेली असेल तर पंपाची ओढ लहान मुलाचे केस किंवा हात धरून ठेवू शकते, तेव्हा जाळी बदलेपर्यंत हौद बंद. हौदाला चारी बाजूंनी कुंपण असावे, त्याचे फाटक आपोआप मिटणारे असावे आणि कडी लहान मुलाच्या हाताबाहेर असावी. हा खर्च निळ्या फरशीच्या आधी करावा. पुष्कळजण तो नंतर करू म्हणतात.

एका हंगामानंतर मालकाच्या हाती एक वही राहते. तारीख, सकाळचा क्लोरीन, संध्याकाळचा क्लोरीन, सामू, दाबाच्या घड्याळाचा आकडा, किती जण पोहले, पाऊस किती. या वहीतून एक गोष्ट त्याला शिकता येते, जी कोणत्याही उपकरणावर लिहिलेली नसते. सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजावा आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी पुन्हा मोजावा. रात्री ऊन नसते, पोहणारे नसतात, तेव्हा क्लोरीन कमी होण्यास फारसे कारण नाही. तरीही तो लिटरमागे एक मिलिग्रॅमहून अधिक उतरला असेल, तर पाण्यात काहीतरी जिवंत वाढते आहे आणि ते क्लोरीन खाते आहे. पाणी अजून नितळ असते, तळाच्या रेघा दिसत असतात, पाहुणे कौतुक करीत असतात. मालक मात्र त्याच संध्याकाळी भिंती ब्रशाने घासून, चूर्ण तोलून घेऊन, पंप रात्रभर चालू ठेवतो, आणि मुलांना दुसऱ्या दिवशी पोहता येणार नाही असे सांगतो. दिवाळीत नागपूरला किंवा पुण्याला जाताना तो ही वही राखणदाराच्या हाती देतो, पहिले चार दिवस त्याच्याकडून स्वतःसमोर आकडे भरवून घेतो, आणि आम्लाच्या खोलीची किल्ली तेवढी आपल्याबरोबर नेतो.